सगळ्या सिस्टिम शहाण्या, मग भांडण कसलं? (वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात ऑटोमेशनवर लिहिलं तेव्हा इतके मेल येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, एकेक सिस्टिम वेगळी काढून बघितली तर बरोबर चाललेली असते, चार एकत्र नांदायला लागल्या की राडा. त्यातले पाच प्रश्न घेतलेत, काही थोडे छोटे केलेत आणि कंपन्यांची नावं काढून टाकलीत.

प्रश्न (हिंजवडी) : ताई, आम्ही क्युबरनेटिसवर (ॲपच्या अनेक प्रती सर्व्हरांवर चालवणारी, सांभाळणारी सिस्टिम) आहोत. सेलच्या आधी प्लॅटफॉर्म टीमने ऑटोस्केलर लावला, लोड आला की पॉड, म्हणजे ॲपच्या चालू प्रती, आपोआप वाढायला पाहिजेत. वाढतात पण, आणि काही सेकंदात परत ३ वर येतात, परत वाढतात, परत ३. ऑटोस्केलरच्या लॉगमध्ये काही एरर नाही, आर्गो सीडीवाले (ठरवून दिलेल्या सेटिंगप्रमाणे सिस्टिम ठेवणारं टूल) म्हणतात आमच्याकडे सगळं हिरवं आहे. दोन्ही टीम एकमेकांकडे बोट दाखवतायत आणि मधे आम्ही ॲपवाले सापडलोय.

उत्तर : दोघंही खरं बोलतायत, म्हणूनच तर सापडत नाहीये. लग्नाच्या हॉलमधे एसीचे दोन रिमोट असावेत, एक मुलाकडच्या मामांच्या खिशात, एक मुलीकडच्या काकांच्या, एकाला उकडतंय, दुसरा गारठलाय, आणि एसी बिचारा दोघांचंही ऐकतोय, तसं तुमच्या डिप्लॉयमेंटमधल्या (ॲप कसं चालवायचं ते लिहिलेली नोंद) रेप्लिकाज, म्हणजे पॉड किती, या एका ओळीचं झालंय.

नीट बघा काय होतंय ते. हॉरिझाँटल पॉड ऑटोस्केलर, म्हणजे पॉडची संख्या कमीजास्त करणारा, दर १५ सेकंदांनी मोजतो, समजा ३ पॉड आहेत, सीपीयू ९० टक्के आणि तुमचं टार्गेट ६०, तर तो ३ गुणिले ९० भागिले ६० करतो, साडेचार येतात, वरचा आकडा घेतो म्हणजे ५. त्याने ५ लिहिले. तिकडे आर्गो सीडीला सांगितलंय की गिटमधे, म्हणजे सेटिंगच्या फायली जिथे ठेवतात तिथे, जे लिहिलंय तेच खरं, आणि गिटमधे कोणीतरी कधीकाळी ३ लिहून ठेवलेत. सेल्फ हील, म्हणजे फरक दिसला की आपोआप पूर्ववत करायची सोय, चालू असेल तर त्याला हा ५ म्हणजे कोणीतरी हाताने केलेली ढवळाढवळ वाटते, तो इमानदारीने परत ३ करतो आणि हिरवा टिकमार्क दाखवतो. परत लोड, परत ५. कोणाचाच लॉग लाल होणार नाही कारण कोणीच फेल होत नाहीये.

इलाज सोपा आहे पण एक खड्डा आहे तो आधी सांगते. गिटमधून रेप्लिकाजची ओळच काढून टाकायची, म्हणजे त्या आकड्याचा मालक फक्त ऑटोस्केलर. पण ती ओळ नुसती उडवून अप्लाय केलंत, म्हणजे बदल लागू केलात, तर क्युबरनेटिसला वाटतं आता डिफॉल्ट घ्यायचा, आणि डिफॉल्ट आहे १. सेलच्या दिवशी दुपारी ३० पॉडचा एकदम १ होतो, मग ऑटोस्केलर सावरून घेतो पण तेवढ्यात कस्टमर गेलेला असतो. हे क्युबरनेटिसच्या डॉक्युमेंटेशनमधे स्पष्ट लिहिलंय, वाचत कोणी नाही. साध्या क्युबसीटीएलने, म्हणजे क्युबरनेटिसच्या कमांडने, अप्लाय करत असाल तर आधी एडिट-लास्ट-अप्लाइड वापरून शेवटच्या अप्लायच्या नोंदीतून ती ओळ काढायची, मग गिटमधून. आर्गोच्या बाजूला त्या फील्डसाठी इग्नोअर डिफरन्सेस (इथला फरक सोडून दे) लावा आणि सिंकच्या, म्हणजे गिटमधलं लागू करण्याच्या, वेळीही ते पाळायचा ऑप्शन चालू करा, नाहीतर फरक दिसायचा बंद होतो पण सिंक झालं की लिहायचं ते लिहितोच.

आणि पुढच्या वेळी भांडण लागलं तर डिप्लॉयमेंटचा यामल (सेटिंगचा मजकूर) शो-मॅनेज्ड-फील्ड्स लावून बघा, कुठल्या फील्डला शेवटचा हात कोणी लावला त्याची नावनिशी वहीच आहे ती. मीटिंगमधे ती स्क्रीनवर टाकली की बोटं खाली येतात.

जाता जाता, त्याच सर्व्हिसवर व्हर्टिकल ऑटोस्केलर (पॉडची संख्या नाही, प्रत्येक पॉडची ताकद बदलणारा) पण लावायचा विचार असेल तर सीपीयूवर दोघांना एकत्र सोडू नका. व्हर्टिकलवाला पॉडची सीपीयू रिक्वेस्ट, म्हणजे त्याच्यासाठी राखून ठेवलेला सीपीयू, वाढवतो, हॉरिझाँटलवाला टक्केवारी त्याच रिक्वेस्टवर काढतो, त्यामुळे लोड तेवढाच असून टक्के खाली येतात आणि तो पॉड कमी करायला लागतो. एकाला सीपीयू दिला तर दुसऱ्याला रांगेची लांबी किंवा सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट असं काहीतरी वेगळं माप द्या.

प्रश्न (नाशिक, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) : ताई, इतक्या छोट्या छोट्या ऑटोमॅटिक सिस्टिम ठेवून त्यांच्यात समन्वय करण्यापेक्षा वर एकच मोठा मेंदू ठेवला आणि बाकीच्यांनी फक्त ऐकलं तर प्रश्नच मिटेल ना? प्रोजेक्टसाठी विचारतोय.

उत्तर : प्रोजेक्टसाठी प्रश्न चांगला निवडलायस, बरीच वर्षं मोठमोठी माणसं यावर घासाघीस करतायत. आयबीएमने २००१ मधे ऑटोनॉमिक कॉम्प्युटिंग (स्वतःला स्वतः सांभाळणाऱ्या सिस्टिम) म्हणून हा विषय पुढे आणला आणि २००३ च्या लेखात केफार्ट आणि चेस यांनी तो लूप मांडला, बघा, विश्लेषण करा, प्लॅन करा, अमलात आणा, आणि मधोमध सगळ्यांना सामायिक माहिती. सिलॅबसमधे ही आकृती असेलच. आकृतीत बाण सरळ असतात, खऱ्या नेटवर्कमधे बाणाला उशीर होतो, आणि सगळी मजा त्या उशिरात आहे.

ताजं उदाहरण घे. २० ऑक्टोबर २०२५, आपल्याकडे नरक चतुर्दशी, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला ॲमेझॉनच्या क्लाउडच्या यूएस-ईस्ट-१ या अमेरिकेतल्या भागातल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचा डीएनएसमधला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतला, पत्ताच रिकामा झाला आणि जगभर कोणाचं काय काय बंद पडलं. तू म्हणतोस तसा मेंदू तिथे होता. प्लॅनर नावाची सिस्टिम, लोड बॅलन्सरची (ट्रॅफिक सर्व्हरांमधे वाटणाऱ्या यंत्रणेची) तब्येत बघून कुठला ट्रॅफिक कुठे जायचा याचा प्लॅन ती काढते. आणि तिचे हात, इनॅक्टर, तीन वेगवेगळ्या झोनमधे तीन, एकमेकांवर अवलंबून नसलेले, म्हणजे एक मेला तरी दुसरा काम करेल. किती शहाणपणाचं डिझाइन ना.

त्या दिवशी एक इनॅक्टर काहीतरी कारणाने फार हळू चालला होता. त्याने सुरुवातीलाच तपासलं होतं की माझ्या हातातला प्लॅन आत्ता लागू असलेल्यापेक्षा नवा आहे ना, हो, नवा आहे. मग तो हळूहळू एकेक पत्ता बदलत बसला, तेवढ्यात प्लॅनरने बरेच नवीन प्लॅन काढले, दुसऱ्या इनॅक्टरने सगळ्यात नवा उचलला, भराभर लावला, आणि आपलं काम झालं म्हणून जुने प्लॅन साफ करायला घेतले. नेमक्या त्याच वेळी हळू इनॅक्टर डायनॅमोडीबीपाशी पोचला आणि त्याने आपला जुना प्लॅन नव्यावर बसवला, कारण त्याची तपासणी कधीच होऊन गेली होती ना. मागून सफाईवाला आला, त्याला दिसलं हा प्लॅन फारच जुना, त्याने तो पुसला, आणि त्याच्यासोबत सगळे आयपी पत्ते गेले. वर सगळी नोंद अशी विस्कटली की एकाही इनॅक्टरला पुढचा प्लॅन लावता येईना, माणसांना हाताने दुरुस्त करावं लागलं.

यात चुकलं कोण सांग. तपासलं सगळ्यांनी, पण तपासणं आणि लिहिणं यांच्यामधे वेळ गेला. प्रोजेक्टमधे एवढी एक गोष्ट करून दाखवलीस तरी पुरे, प्रत्येक प्लॅनला चढता नंबर दे आणि जिथे लिहायचं त्या जागेनेच जुना नंबर नाकारला पाहिजे, लिहिणाऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. याला फेन्सिंग टोकन म्हणतात. आणि पुसणाऱ्यानेही पुसायच्या क्षणाला विचारायचं की हे आत्ता कोणी वापरतंय का.

पुढचं जास्त इंटरेस्टिंग आहे. पत्ता तीनच्या सुमाराला परत आला, पण तोवर ईसी२ या ॲमेझॉनच्या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेतली जी सिस्टिम खालच्या खऱ्या सर्व्हरांची लीज (ठराविक मुदतीचा ताबा) सांभाळते ती डायनॅमोडीबीच्या जिवावर होती, तिच्या बऱ्याच लीज संपल्या होत्या, आणि एकदम एवढ्या लीज परत मिळवायला गेल्यावर एकेक काम पूर्ण व्हायच्या आधीच टाइमआउट होऊन परत रांगेत उभं राहायला लागलं. म्हणजे सिस्टिम जिवापाड काम करतेय आणि पुढे काहीच सरकत नाहीये. शेवटी माणसांनी येणारं काम अडवलं, काही मशीन रिस्टार्ट केली, तेव्हा सुटलं. मग तिसरा नंबर लोड बॅलन्सरच्या हेल्थ चेकचा, नवीन मशीनचं नेटवर्क अजून पोचलं नव्हतं म्हणून त्या आजारी दिसायच्या, काढून टाकल्या, परत बऱ्या दिसायच्या, परत घेतल्या, आणि या येण्याजाण्यात चांगली कपॅसिटीही बाहेर गेली. तिथेही इंजिनिअरांनी ऑटोमॅटिक फेलओव्हरच (आजारी जागा सोडून ट्रॅफिक दुसरीकडे वळवणं) बंद केला. सगळं पूर्ववत व्हायला आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेली.

तर मेंदू एक ठेव की दहा, त्याला दिसतंय ते थोडं जुनंच असणार. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं २१ ऑक्टोबर २०१८ चं वाच, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ४३ सेकंद नेटवर्क तुटलं, तेवढ्यात तिथल्या ऑटोमॅटिक सिस्टिमने डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्याला नेऊन ठेवला, दोन्हीकडे दुसरीकडे न पोचलेला डेटा लिहिला गेला, आणि ते निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली. नंतर त्यांनी नियमच करून टाकला, एका भागातून दुसऱ्या भागात कारभार हलवायचा निर्णय मशीनने घ्यायचा नाही. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच्या जवळपास आहे, आपापल्या आवारात मशीनला मोकळीक, कुंपण ओलांडायचं तर माणसाला विचार.

प्रश्न (ठाणे) : मी एका पेमेंट ॲपच्या बॅकएंडला आहे. बँकेकडून उत्तर आलं नाही की आमची सर्व्हिस लगेच स्टेटस विचारते, नाही आलं तर परत. लीड म्हणतो जितक्या लवकर विचारू तितका ग्राहक खूश. मला ते पटत नाही पण समजावता येत नाही.

उत्तर : लीडला १२ एप्रिल २०२५ ची आठवण करून द्या. शनिवार होता, हनुमान जयंती, यूपीआय काही तास रडत होतं आणि दुकानादुकानात लोक फोन वर धरून उभे होते. एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, नंतर जे कारण दिलं ते हेच, काही बँकांकडून स्टेटस विचारणाऱ्या कॉल्सचा पूर आला होता, जुन्या व्यवहारांचंही परत परत विचारणं चाललं होतं. प्रत्येक बँकेची सिस्टिम आपल्या ग्राहकाची काळजी घेत होती हो, पण सगळ्यांनी मिळून काळजी घेतली आणि मधली सिस्टिम गुदमरली. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आले, स्टेटस जास्तीत जास्त ३ वेळा विचारायचं आणि दोन विचारण्यांमधे किमान ९० सेकंद, एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येईल, ऑटोपे गर्दीच्या वेळा सोडून. लोक वैतागले, पण मला तरी हे अगदी योग्य वाटलं, एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कोणीतरी वेग ठरवून द्यावाच लागतो.

तुमच्या घरातला हिशोब पण मांडा. मोबाइल ॲप ३ वेळा प्रयत्न करतं, गेटवे प्रत्येकाचे ३, आतली सर्व्हिस प्रत्येकाचे ३, ग्राहकाने एकदा बटण दाबलं आणि बँकेवर २७ धडकले. रिट्राय एकाच थरात ठेवा, बाकीच्यांनी फेल झालं तर फेल सांगायचं. थांबण्याची वेळ दरवेळी दुप्पट करा आणि त्यात थोडा रँडम फरक टाका, नाहीतर एकाच क्षणी फेल झालेले हजारो फोन एकाच क्षणी परत येतात. आणि पैसे पाठवायच्या रिक्वेस्टला आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट परत आली तरी पैसे एकदाच जावेत म्हणून लावलेला खास नंबर) नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ते करा, कृपा करून.

प्रश्न (चाकण) : आमच्या शॉपफ्लोअरवर दोन कंपन्यांच्या एजीव्ही, म्हणजे चालकाशिवाय माल नेणाऱ्या, गाड्या आहेत. अरुंद गल्लीत समोरासमोर आल्या की दोघी थांबतात, सेफ्टी आहे म्हणून. मग ऑपरेटर जाऊन एकीला हाताने मागे घेतो. दोन्ही विक्रेते म्हणतात व्हीडीए ५०५० घ्या, सगळं सुटेल. खरंच सुटेल का?

उत्तर : अर्धं सुटेल. व्हीडीए ५०५० हे जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेने पुढाकार घेऊन बनवलेलं, गाडी आणि वरचा मास्टर कंट्रोल यांनी कसं बोलायचं त्याचं स्टँडर्ड, एमक्यूटीटी या मेसेज पोचवायच्या पद्धतीने, जेसन या मजकुराच्या स्वरूपात मेसेज जातात. त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे ऑर्डरचे दोन भाग, बेस आणि होरायझन. बेस म्हणजे तुला मोकळा करून दिलेला रस्ता, इथपर्यंत जा. होरायझन म्हणजे पुढे बहुतेक असं जायचंय, पण अजून परवानगी नाही. नेटवर्क तुटलं तरी गाडी बेसच्या शेवटच्या ठिकाणापर्यंत जाऊन उभी राहते, पुढे घुसत नाही. तुमच्या गल्लीचं उत्तर यातच आहे, गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक नोड (नकाशावरचं ठिकाण) ठेवायचा आणि मास्टरने एका वेळी एकाच गाडीचा बेस गल्लीच्या पलीकडच्या नोडपर्यंत वाढवायचा, दुसरी तोंडाशीच थांबेल.

पण आधी कोणाला सोडायचं हे स्टँडर्ड सांगत नाही, ते मास्टरच्या सॉफ्टवेअरचं डोकं. आणि इथेच लोक फसतात, दोन्ही विक्रेत्यांचे आपापले फ्लीट मॅनेजर (गाड्यांचा ताफा चालवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवतात आणि त्यांच्यामधे एक पूल बांधतात. म्हणजे परत दोन मालक. गल्लीचा मालक एकच करा, मग तो कुठल्या कंपनीचा का असेना, आणि दोन्ही जातीच्या गाड्या त्याच्याखाली चालवून दाखवल्याशिवाय उरलेलं पेमेंट सोडू नका. सेफ्टी स्कॅनर मात्र गाडीवरच राहणार, तो वायफायवर कधीच अवलंबून ठेवायचा नाही, मधून फोर्कलिफ्टवाला आणि डबा घेऊन जाणारी माणसं पण जातात.

प्रश्न (मगरपट्टा) : आमच्याकडे तीन एआय एजंट येतायत, एक तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) वाटणारा, एक पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या लावणं) करणारा, एक क्लाउडचं बिल कमी करणारा. तिघांचे विक्रेते वेगळे, पण सगळे एमसीपी आणि ए२ए सपोर्ट करतात म्हणे. म्हणजे कोऑर्डिनेशनचा विषय संपला असं मॅनेजमेंटला सांगू का?

उत्तर : नका सांगू, पुढच्या क्वार्टरला तोंडघशी पडाल. एमसीपी अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मधे आणलं, एजंटला टूल आणि डेटा कसा जोडायचा त्यासाठी. ए२ए गूगलने एप्रिल २०२५ मधे आणलं आणि त्याच वर्षी जूनमधे लिनक्स फाउंडेशनकडे दिलं, ते एजंटने एजंटशी बोलण्यासाठी. दोन्ही कामाची आहेत, पण त्यांनी बोलायची सोय होते, कोणाचा शब्द शेवटचा हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

तुमच्या तिघांचंच बघू. बिलवाला एजंट बघतो एक सर्व्हर महिनाभर नुसता बसलाय, बंद करतो. तो बसलेला असतो कारण तो डिझास्टर रिकव्हरीचा स्टँडबाय आहे, मुख्य सर्व्हर पडला तरच लागणारा. पॅचवाला येतो, सर्व्हर सापडत नाही, तिकीट काढतो. तिकीटवाला ते सर्व्हर डाउन म्हणून वर्गीकरण करतो आणि रीस्टार्टच्या स्क्रिप्टकडे देतो, सर्व्हर चालू, तिकीट बंद, शाबास. रात्री बिलवाल्याला परत एक रिकामा सर्व्हर सापडतो, परत बचत, शाबास. महिनाअखेरीला तिघांचेही डॅशबोर्ड झकास, तिकिटं वेळेत बंद, बचत दाखवलेली, आणि स्टँडबाय रोज रात्री बंद.

मी काय करेन ते सांगते. तिघांना तीन वेगळी ओळखपत्रं, एकच सर्व्हिस अकाउंट वाटून द्यायचं नाही, नाहीतर लॉगमधे कोणी काय केलं कळणारच नाही. कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी तिघांनी एकाच जागी नोंद करायची, मी हे करतोय, या कारणाने, इतका वेळ, आणि तिथे दुसऱ्याची नोंद असेल तर थांबायचं. स्टँडबायसारख्या मशीनवर मालकाचं नाव आणि हात लावू नये असा टॅग, आणि तो टॅग एजंटला काढता येता कामा नये, हे विसरतात लोक. तासाला किती बदल याला मर्यादा. तेच मशीन २४ तासात दोनदा बंद-चालू झालं तर तिसऱ्यांदा माणसाकडे. आणि सुरुवातीचे काही आठवडे तिघांनी फक्त सुचवायचं, करायचं नाही, त्या सूचना शेजारी शेजारी ठेवून वाचा, वर सांगितलेला गोल तुम्हाला कागदावरच दिसेल.

राहिलं एजंट बंद करायचं बटण. ते कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टा सहा तासांच्या आसपास गायब झाले होते आठवतंय? मेंटेनन्सच्या एका कमांडने त्यांचं आतलं नेटवर्क तुटलं, त्यांचे डीएनएस सर्व्हर असे बनवलेले की डेटा सेंटर दिसेनासं झालं तर आपली तब्येत बिघडली असं समजून इंटरनेटवरून आपला पत्ता स्वतःच मागे घ्यायचा, तो त्यांनी आज्ञाधारकपणे घेतला, आणि दुरुस्तीची नेहमीची टूल्स पण त्याच नेटवर्कवर असल्याने ती पण गेली, माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमधे पाठवावं लागलं आणि तिथे आत शिरायलाही वेळ लागला. त्यामुळे एजंटचं बटण त्याच क्लाउडवर, त्याच लॉगिनच्या मागे, त्याच चॅट चॅनलमधे ठेवलेलं असेल तर ते नसल्यात जमा धरा. विक्रेत्याला डेमोत एवढंच करायला लावा, एजंट पन्नास मशीन पॅच करत असताना विसाव्याला त्याला थांबवा, तेही तुमच्या सिंगल साइन ऑनशिवाय (सगळीकडे चालणारं एकच लॉगिन), आणि मग विचारा की कुठली वीस झाली, कुठली अर्धवट आहेत, आणि हे तो बंद असताना मला कुठे दिसेल. उत्तर द्यायला त्याने लॅपटॉप उघडून तिथल्या तिथे दाखवलं तर पुढची मीटिंग लावा, ईमेलवर पाठवतो म्हणाला तर ईमेल येईपर्यंत पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका.